द्वारकेतला वटवट्या

पुणे स्टेशनवर गाडी हलली तेव्हा आई एसी डब्याच्या काचेवर टकटक करत काहीतरी सांगत होती. आवाज येत नव्हता, ओठांवरून कळलं. "दोन वर्षं. दोनच." मी मान डोलावली. माझा नवरा संदीप केंद्र सरकारच्या नोकरीत. त्याची दिल्लीला बदली झाली होती आणि माझ्या कंपनीचं गुरुग्रामला ऑफिस होतं. दोन वर्षं काढायची आणि परत यायचं, असं घरच्या सगळ्यांसमक्षच ठरलं होतं.

दिल्लीच्या द्वारका भागातलं पहिलं वर्ष मी नुसती कुरकुर केली. भाजीवाला मूठभर कोथिंबीर फुकट द्यायचा, तर मला कढीपत्ता नाही याचंच दुःख. तुमच्यापैकी जे पुणं सोडून गेलेत, त्यांना हे लगेच कळेल.

मग एका रविवारी शेजारच्या हरप्रीत आंटींनी, म्हणजे शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी, मला उजाडायच्या आत उठवलं. "संडे को बस सोती हो, बेटा? चलो." नजफगढकडे एका पाणथळीवर त्यांच्या गटातले पक्षी अभ्यासक दर शरदात उत्तरेकडून येणारे छोटे पक्षी बारीक जाळीत धरतात. कापडी पिशवीत घालून वजन करतात, पंख मोजतात, पायात नंबर असलेलं हलकं कडं घालतात आणि सोडून देतात. कुठून आला, कुठे गेला, याचा पुढे माग लागावा म्हणून. हे सगळं वनखात्याच्या परवानगीने.

माझ्या हातात पहिला आला तो मातकट रंगाचा, कागदाइतका हलका. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की मीच घाबरले. "अरे, हा तर वटवट्या!" मी ओरडले. सगळ्यांना तो शब्द भारी आवडला. तेव्हापासून तिथे वॉर्बलर कुणी म्हणत नाही. "वटवट्या आया क्या?" असंच विचारतात.

त्या रविवारनंतर कुरकुर कधी थांबली, कळलंच नाही. दोन वर्षं उलटली, तिसरं लागलं. पुण्याच्या ऑफिसात जागा निघाली आणि मॅनेजरने विचारलं, जाणार का? मला जायचं नव्हतं. संदीपला ते सांगून झालं, त्याचीही ना नव्हती, पण आईला सांगायचा धीर होईना.

त्या ऑक्टोबरात आई राहायला आली. तिला पाणथळीवर नेलं. आंटींनी एका वटवट्याच्या पोटावर हळूच फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि खाली पिवळसर चरबी दिसली.

"लंबे सफर का राशन है, बहनजी," आंटी म्हणाल्या.

"बाई गं, शिदोरी घेऊन निघालाय!" आई हरखली. "किधर को जाता है?"

"महाराष्ट्र भी जा सकता है."

"तो हमारे पुणे में आने को बोलो ना उसको! जागा भरपूर है, मैं अकेलीच तो हूं."

सगळे हसले, आईही हसली. मला मात्र हसू येईना. आंटींनी तो पक्षी आईच्या तळहातावर ठेवला. क्षणभर बसला आणि भुर्रकन गेला. आई बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली.

मेट्रोत ती आपणहून म्हणाली, "मनू, तू परत येणार नाहीयेस."

"आई, मी सांगणारच होते..."

"तिथे कशी हसत होतीस! पुण्याला फोनवर पहिलं वर्षभर रडकाच आवाज ऐकला गं तुझा. राहा इथे. फक्त मला थंडीत बोलवू नकोस, ऑक्टोबरात बोलव."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर ऑक्टोबरात आई स्वतःच तिकीट काढून येते. सकाळी आमच्याआधी तयार असते.

मला विचाराल तर माझं घर आता पुण्यातही आहे आणि इथेही, आणि दोन्हीकडे कुणीतरी वाट बघतं. आईचा हिशेब याहून सोपा आहे. परवा पाणथळीवर कॉलेजच्या एका नव्या मुलीने तिला विचारलं, "आंटी, आप कहां से हो?"

पाखराची पिशवी अलगद सांभाळत आई म्हणाली, "पुणे से. लेकिन अभी सीझन है ना, तो इधरकीच."