गाव विचारणाऱ्या प्रमिलाबाई

प्रमिलाबाई मूळच्या अमळनेरकडच्या. राहायला सुरतेच्या बमरोलीत, आणि नोकरी तिथल्याच सरकारी दवाखान्यात, डोक्याला मार लागलेल्यांच्या वॉर्डात आया म्हणून. पंधरा वर्षांत त्यांनी स्वतःची एक तपासणी बसवली होती. पांडेसऱ्याच्या मिलमधून कुणी डोकं फुटून आला, की त्या त्याच्या कानाशी वाकत आणि अहिराणीत विचारत, "तुनं गाव कोनतं शे रे भाऊ?"

त्यानं अहिराणीत गाव सांगितलं, की तो वाचला. गुजरातीत किंवा हिंदीत काही बोलला, तर बाई नातेवाइकांसाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवत. शेटशी बोलायची भाषा वरवर असते, घरची आत. आतली शाबूत तर माणूस शाबूत, असा त्यांचा तर्क. तो बहुतेकदा खराही ठरे.

सत्त्याण्णव साली डॉक्टर पारेख नवी तपासणी घेऊन आले. मेंदू दुखावला की त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. ते मोजलं तर मार किती खोल, माणूस कितपत सावरेल, हे कळावं, असं त्यांचं संशोधन. रक्त बर्फात घालून मुंबईला जाई आणि उत्तर नऊ दिवसांनी येई. तोवर रोगी घरी गेलेला असे, नाहीतर कायमचाच गेलेला. डॉक्टर थट्टेनं म्हणत, माझा प्रबंध तुम्हीच लिहा बाई. बाईंना त्यात थट्टा दिसत नसे.

एका दुपारी बाईंना घरून बोलावून आणलं. खाटेवर त्यांचा मुलगा योगराज होता. तो कामाला होता त्या कापड रंगवायच्या डाइंगमध्ये ताक्यांची थप्पी त्याच्या डोक्यावर कोसळली होती. बाई सवयीनं वाकल्या.

"तुनं गाव कोनतं शे रे बाबा?"

योगराजनं डोळे उघडले. "हुं तो सुरतनो छुं, मम्मी."

बाईंचा हात तांब्याकडे गेला. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हातपाय हलवून घेतले, बरा दिसतोय म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं नाही. गाव विसरला, भाषा गेली, आता उरलं काय? डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि फॉर्म भरता भरता विचारलं, एरवी हा घरी कसा बोलतो?

बाईंना सांगता येईना. त्यांची रात्रपाळी, त्याची दिवसपाळी. त्या घरी येत तेव्हा तो चपला घालत असे. वॉर्डातल्या शेकडो परक्या पोरांची बोली त्यांना पाठ होती.

धाकटी सोनाली दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आई, दादा कायम गुजरातीतच बोलतो. आणि तो जन्मला इथेच, अमळनेर सांगेल कशाला?"

डॉक्टरांनी मान खाली घालून लिहिलं, बोलणं पूर्वीसारखंच.

आठ दिवस बाई पोराच्या उशाशी बसून राहिल्या, पहिले चार दवाखान्यात, उरलेले घरी. त्यानं काहीही मागितलं की त्या ते पुन्हा म्हणायला लावत. तो वैतागला, तेही त्यांना लक्षण वाटलं. उत्तर आलं तेव्हा आकडा अगदी कमी होता आणि योगराज कामावर गेलेला होता. डॉक्टरांना आनंद झाला. त्यांच्या प्रबंधाचा एकतिसावा रोगी जमला होता.

बाईंनी आपली तपासणी सोडली नाही. फक्त कानाशी वाकण्याआधी त्या दाराशी जात आणि आईबापांना विचारत, पोरगा घरी कसा बोलतो? उत्तर यायला बरेचदा वेळ लागे. बाई घाई करत नसत.