नारिंगी पाठीचा मासा

लिव्हसन तीस वर्षं मलावी सरोवरात शोभेचे मासे धरत आला होता. गावासमोरच्या खडकावर नारिंगी पाठीचा एक मासा असायचा, जगात फक्त तेवढ्याच खडकावर. खडकावरचे मासे वाळू ओलांडत नाहीत. मध्ये शंभर हात वाळू आली की हजारो वर्षांत इकडची जात वेगळी होते, तिकडची वेगळी. माद्या रंग बघून नर निवडतात, म्हणून फरक वाढतच जातो.

विद्यापीठातून आलेल्या तदालाला त्या माशाची जोडी हवी होती.

"एक जोडी मिळाली तरी टाकीत जात वाचवता येईल, काका."

लिव्हसन तीन दिवस बुड्या मारत होता. वर यायचा, होडीतल्या बादलीत मासा सोडायचा. पाठ नारिंगी, पण अंगावर निळे पट्टे.

"हा?" तदाला विचारायची.

"नाही."

किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी त्याची बायको एनिफा ओरडली, "अहो, सगळे परदेशी धाडलेत, एखादा घरी ठेवायचात की!" बायका हसल्या. त्याला राग आला नाही. काहीच वाटलं नाही.

तिसऱ्या दुपारी एक मासा हाती लागला. पाठ नारिंगी, अंग कोरं.

"काका, हाच! हाच तो!" तदाला इतकी हलली की होडी डुचमळली.

लिव्हसनने बादली उन्हात सरकवली. घाबरला की हा मासा लपवलेलं अंगावर दाखवतो. थोड्या वेळाने फिके पट्टे उमटले. तदाला डबा शोधत होती. तो गप्प बसला असता तर तिला कळलंही नसतं.

"पट्टे बघ, पोरी. हाही मिश्रच."

तिने पाहिलं.

"निळे पट्टेवाले दोन दिवसांच्या वाटेवर असतात. इथे आले कसे?"

एकोणीस वर्षांपूर्वी व्यापाऱ्याने निळ्या पट्ट्यांच्या माशांची एक खेप नाकारली होती. ते मासे खायचे तर नुसते काटे, आणि जिवंत मासा वाया घालवायचा नाही, पाण्यात परत द्यायचा, ही गावची रीत. लिव्हसनने पिशव्या इथेच मोकळ्या केल्या होत्या. सरोवर एकच, पाणी एकच. परत नेऊन सोडायचे तर दोन दिवसांची वाट, आणि घर जवळ होतं.

"मी सोडले."

वहीत टिपणारी तिची पेन्सिल थांबली. "तुमचं नाव लिहू?"

"लिही."

"कदाचित या मिश्रणातून पुढे नवीच जात होईल, काका. दहा हजार वर्षांनी."

"होईल."

त्याने वल्हं उचललं. मासा जिथे धरला होता, बरोबर त्याच जागी होडी नेली, वाकून खालचा खडक नीट पाहून घेतला, आणि मगच बादली कलती केली.