लाल शेपटीची सापसुरळी

विमल गेल्याचं तिच्या यजमानांनी शाळेत येऊन सांगितलं. मी नववीच्या वर्गावर होते. हातातला खडू तसाच धरून त्यांच्या मागोमाग निघाले... त्याला आता काही आठवडे झाले.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही दोघी नाशिक रोडच्या एकाच शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. वेडही एकच, सापसुरळीचं. पालीसारखी, पण अंग तेल चोपडल्यासारखं तुकतुकीत. विषारी समजून लोक तिला ठेचतात. विष तिच्यात औषधालाही नाही. रविवारी आम्ही पांडवलेण्यांच्या डोंगरावर जायचो. मी दगड उलटेपालटे करत फिरायची. हाती नुसती पाचोळ्यातली सळसळ. विमल दमून कुठंतरी टेकायची आणि सापसुरळी येऊन तिच्या चपलेशेजारी ऊन खात बसायची! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"तुझ्यात असं काय आहे गं?"

"आळस," ती म्हणायची.

सापसुरळीच्या एका जातीत पिलांची शेपटी लालभडक असते. शत्रू त्या लालीवर झडप घालतो, शेपटी तुटून वळवळत राहते आणि पिलू निसटतं. असं पिलू अंड्यातून निघताना पाहायचं, एवढीच माझी हौस होती. वर्षं गेली, जमलं नाही.

मग विमल अंथरुणाला खिळली. एका सकाळी निरोप आला, "असशील तशी ये." मी धास्तावून धावले. ती ओसरीतल्या खाटेवर पडून शेजारच्या मोगऱ्याच्या कुंडीकडे बोट दाखवत होती. उकरलेल्या ओल्या मातीत वालाच्या दाण्याएवढी पांढरी अंडी. त्यातलं एक चिरलं, इवलंसं डोकं आलं, आणि मागून लाल दोऱ्यासारखी शेपटी...

माझे डोळे भरून आले. पण हेवाही वाटला. डोंगर पालथा घातला मी, आणि हे हिच्या कुंडीत, हिच्या उशाशी!

"जळतेस ना?" विमलनं विचारलं.

"हो."

ती कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. "बरं वाटलं गं. बाकीचे सगळे हल्ली नुसती कीव करतात."

परवा तिच्या घरी गेले होते. अंगणात उतरण्याआधी तिचे यजमान पायरीवर थबकले, हलकेच दोनदा टाळी वाजवली, मग पाऊल टाकलं. "सापसुरळी पायाखाली येऊ नये म्हणून ती अशी वाजवायची," ते म्हणाले. "एक आहे अजून. रोज सकाळी येते."

रोज! मी त्या पायरीवर ऊन चढेपर्यंत बसून राहिले. नाही आली.