बद्द वाजणारं कौल

काल दुपारी लिंबाएवढ्या गारा पडल्या. आज सकाळी छप्पर शाकारणारे सखारामकाका वर चढले आणि बोटाच्या पेरानं एकेक कौल वाजवून बघू लागले, माठ घेताना आपण बघतो तसं. धड कौल खणकन वाजतं, तडकलेलं बद्द.

"वहिनी, फुटलेली बरी, दिसतात तरी," काका वरून म्हणाले. "ही धड दिसणारीच घात करतात. आठ दिवसांनी अचानक खाली येतात."

प्रत्येक बद्द आवाजाला मी छपराकडे नाही, यांच्याकडे बघत होते. काल गाईला गोठ्यात घ्यायला हे उघड्या डोक्यानं अंगणात धावले, तेव्हा एक गार कपाळाच्या वर बसली. रक्त नाही, टेंगूळ नाही. "काही झालं नाही," म्हणाले आणि जेवायला बसले.

माणसाला कुठं वाजवून बघायचं? आपण सगळेच एकमेकांना नुसतं वरून बघतो आणि धड समजून चालतो.

हे ओट्यावर चहा पीत होते. मी विचारलं, "डोकं दुखतंय का हो?"

"नाही गं."

छपरावरचा आवाज थांबला होता. मी पुन्हा तेच विचारलं. उत्तरासाठी नाही, यांचा आवाज ऐकायला.