इटालियनची निळी वही

मी वेंधळा आहे हे आमच्या घरात जगजाहीर होतं. हातमोजे, टोपी, चष्मा, एकदा तर ग्रोसरीची आख्खी पिशवी मी इथे परदेशात, आमच्या कनाटा उपनगराच्या बसमध्ये सोडून आलो होतो. म्हणून रिटायर झाल्यावर इटलीला जायचं ठरलं, तेव्हा बायकोने लायब्ररीतल्या इटालियनच्या क्लासला स्वतःचं नाव घातलं आणि एका निळ्या वहीत सगळ्यात आधी हरवलेल्या सामानाचीच वाक्यं लिहून आणली. "तुम्ही तिथे पहिल्याच दिवशी काहीतरी हरवणार," असं म्हणून तिने माझ्याकडून ती घोकूनही घेतली. ओ पेर्सो ला बोर्सा, म्हणजे माझी बॅग हरवली. लो लाशाता सुल त्रेनो, म्हणजे ट्रेनमध्ये राहिली. मग रंग सांगायचा, आत काय होतं ते सांगायचं. कुकर होईपर्यंत ती स्टेशनवरची खडूस अधिकारी व्हायची आणि मी रडवेला प्रवासी. फार हसायचो आम्ही.

जाणं झालंच नाही. त्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि मार्चमध्ये गेली.

तिची ती निळी वही मी कोटाच्या खिशात घालून फिरायला लागलो. उघडायचो क्वचितच, नुसती जवळ असायची. आणि एक दिवस डेंटिस्टकडून येताना तीही बसमध्ये राहिली. घरी कोट काढताना कळलं.

हरवलेल्या वस्तूंच्या ऑफिसला लगेच फोन केला. तिथल्या बाईंनी नीट विचारलं, रंग कुठला, आत काय आहे. मी सांगितलं, निळी वही, आत हाताने लिहिलेली इटालियन वाक्यं. नंतर दर सोमवारी फोन करत राहिलो. दर वेळी त्या बघून यायच्या आणि इटालियन वही आलेली नाही म्हणायच्या. सहाव्या सोमवारी वैतागून मी स्वतःच गेलो आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, निळी वही एकही आली नाही का?

"एक आली होती," बाई म्हणाल्या, "पण ती इटालियन नव्हती. बहुतेक हिंदी असावी."

मुदत संपली म्हणून ती गेल्याच आठवड्यात रद्दीत गेली होती.

मूर्ख माणूस मी! बायको कुठलीही भाषा मराठी अक्षरांतच लिहायची. शेजारणीकडची केकची रेसिपीसुद्धा. मला त्याची इतकी सवय झाली होती की हे दुसऱ्याला सांगावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही. बाईंना काय बोल लावणार? पाच आठवडे वही त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होती आणि मी फोनवरून भलतीच वही शोधायला लावत होतो.

संध्याकाळी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." ओके कसलं डोंबलाचं?

बायकोचं अक्षर आता घरात फक्त मसाल्यांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर उरलंय. गोडा मसाला कधीच संपलाय. डबा धुतला तर चिठ्ठी भिजेल, म्हणून तो तसाच ठेवलाय.