साडूभाऊंनी ठेवलेली नावं

पनवेलमध्ये आजवर जितके फोटोग्राफर झाले असतील, त्या सगळ्यांनी मिळून माणसांना ठेवली नसतील इतकी नावं एकट्या आमच्या साडूंनी ठेवली आहेत, आणि तीही मनात काही वाईट नसताना. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्याहून मोठे, पण नात्याने बरोबरीचे, म्हणून आम्ही एकमेकांना साडूभाऊ म्हणतो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा खोलीभर स्टुडिओ आहे. पासपोर्टचे, परवान्याचे, शाळेच्या फॉर्मवर चिकटवायचे असे फोटो ते काढतात. मी निवृत्त झाल्यापासून दुपारी तिथल्या बाकावर बसून असतो. रीळ होतं तोवर सगळं ठीक होतं. पाकिटावर पेन्सिलीने काय लिहिलंय ते त्यांच्याशिवाय कुणी वाचत नसे. कॉम्प्युटर आला आणि तेच सगळं पडद्यावर ठळक अक्षरांत दिसायला लागलं.

नुसतं नाव-आडनाव लिहून उपयोग नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागात एकेका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे पाच-सहा जण सहज निघतात, आणि त्यातल्या दोघांच्या वडिलांचंही नाव एकच असतं. तेव्हा फाईलचं नाव असं हवं, की वाचल्याबरोबर माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. म्हणून मग ‘नेरे-दूधवाले-डावा कान बाहेर-हसू नका म्हटलं की हसतात’. ‘कळंबोली-ट्रान्सपोर्टवाले-पोट आत घेतलं होतं-सुटलं’. ‘मावशी-नथ काढणार नाहीत-विषय संपला’. एकदा एका शिक्षिकाबाईंच्या फाईलचं नाव इतकं लांबलं, की कॉम्प्युटरने ते घ्यायलाच नकार दिला. साडूभाऊ अर्धा तास काटछाट करत बसले आणि शेवटी मला विचारलं, की ‘कडक’ काढू का ‘पण प्रेमळ’ काढू. मी म्हटलं, काहीही काढा. ते त्यांना फार लागलं. फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तर ते नीट जेवले नाहीत. काही गिऱ्हाइकांना प्रश्नचिन्हाशिवाय नाव देणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटत होतं.

पण त्यांचं खरं वैर होतं ते फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरशी. आपण काही लिहिण्याआधीच ते स्वतःहून नाव देऊन मोकळं होतं. नवी फाईल उघडली की वर ‘अनटायटल्ड-१’. या शब्दाचा अर्थ बिननावाचा, असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात राग बसला. समोर धडधडीत माणूस बसलाय, बारसं होऊन चाळीस वर्षं झालीत, आणि हे त्याला बिननावाचा म्हणतंय. गालावरचा डाग पुसून फोटो परत साठवला की नावाला ‘एडिट’ असं शेपूट लागे, आणखी एकदा साठवला की ‘एडिट-एडिट-२’. एखाद्याच्या पुढे ‘कॉपी’ लागलेलं दिसलं, तर गिऱ्हाईक समोर असतानाच ते पडद्याला दटावत, की कॉपी कुणाला म्हणतोस. ही शेपटं खोडण्यात त्यांचा रोजचा तासभर जाई. बरं, इतकं करून ती मराठी नावं प्रिंट काढणाऱ्या लॅबच्या मशीनला वाचता येत नसत. दर आठवड्याला तिथून फोन येई, की काका, पुन्हा सगळे चौकोन आलेत, कुठला चौकोन कुणाचा ते सांगा. मग साडूभाऊ मोठ्या आवाजात एकेक नाव तपशिलासह सांगत, आणि बाकावर बसलेली माणसं ऐकत असत.

एकदा मोहल्ल्यातला एक तरुण कतारच्या व्हिसासाठी फोटो काढून गेला. बोलता बोलता त्याने मनातलं सांगितलं असावं, कारण फाईलचं नाव पडलं, ‘कतार-तिसऱ्यांदा अर्ज-आईला सांगितलेलं नाही’. चार दिवसांनी त्याची आई कसल्याशा फॉर्मसाठी फोटो काढायला आली. तिचा फोटो पडद्यावर उघडला, तर शेजारीच मुलाचाही दिसत होता, खाली नावासकट. साडूभाऊंनी घाईघाईने पुढे हात धरला, पण पडदा मोठा आणि हात लहान. बाईंना मराठी उत्तम वाचता येत होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “मला मालूम हाय. पण मला मालूम हाय, हे त्याला बोलू नका.” त्या गेल्या आणि साडूभाऊंनी लगेच नाव बदललं, ‘आईला माहीत आहे-त्याला माहीत नाही’. मी कपाळाला हात लावला. चुकीची माहिती ठेवून कसं चालेल, असं त्यांनी मलाच विचारलं.

हे असंच चालू राहिलं असतं, पण एक साहेब आले. मोठ्या हुद्द्यावरचे, नीटनेटके. त्यांना आधी काढलेल्या फोटोच्या आणखी प्रती हव्या होत्या. साडूभाऊंनी फोटो शोधून उघडला आणि साहेबांनी स्वतःच वाचलं, ‘टोप डावीकडे सरकलेला-सांगायचं धाडस झालं नाही’. ते उठले, एक हात डोक्याला लावला आणि निघून गेले. संध्याकाळी साडूभाऊंच्या पत्नी, म्हणजे आमच्या ताई, आमच्या घरी आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. म्हणाल्या, “भावोजी, तुमच्या कचेरीत सगळं नंबरावर चालायचं ना? यांचंही तसं करून द्या. माझं ते ऐकत नाहीत.”

मी तीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस. आलेल्या कागदावर क्रमांक टाकायचा, कागद कशाबद्दल आहे ते ज्याचं त्याने बघावं, हा माझा धर्म. पुढच्या रविवारी साडूभाऊ नेऱ्याला एका बारशाचे फोटो काढायला गेले होते, तेव्हा ताईंनी मला स्टुडिओची किल्ली दिली. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप नाव द्यायची सोय असते, ती मी शोधून काढली. आधी तारीख, मग क्रमांक. हेच जुन्या फायलींनाही लावायचं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मूळ नावं जपून ठेवायची का, असा एक चौकोन खाली होता, त्यात खूण केलेली होती. त्रास तर मूळ नावांचाच होता, म्हणून मी ती खूण काढून टाकली. माझा चहा संपायच्या आत सगळं झालं. बारा-तेरा वर्षांतली हजारो माणसं तारीखवार, क्रमवार रांगेत उभी राहिली. मला फार समाधान वाटलं.

साडूभाऊ दुपारी परत आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ नुसते पडद्यावर खाली-वर करत राहिले. मग एका क्रमांकावर बोट ठेवून विचारलं, “हे कोण?” मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की आता पूर्वीसारखं करा. ते होत नव्हतं. मी प्रयत्न केला, मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दोघांना बोलावलं, त्यांनीही मान हलवली. दुसरीकडे कुठे कॉपी ठेवली होती का, असं त्यांनी विचारलं. पण साडूभाऊंचा त्या शब्दावरच राग असल्यामुळे त्यांनी ती कधी ठेवलीच नव्हती.

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत, एवढंच ते म्हणाले आणि कामाला लागले. आता नाव आपोआप पडत होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला काही विचारायची गरज उरली नव्हती. माणूस यायचा, बसायचा, फोटो निघायचा, माणूस जायचा. आपण कुठले, फोटो कशाला हवा, मुलगा काय करतो, यातलं काही नाही. मशीनच्या घरघरीशिवाय स्टुडिओत आवाज नसे. ताईच एकदा मला हळूच म्हणाल्या, की हे घरी पण बोलत नाहीत हो. मी दुपारचं जाणं कमी केलं. बाकावर बसवत नव्हतं.

महिन्याभराने मी एकदा सकाळी तिथे गेलो असताना गव्हाणकडच्या एक कोळीण बाई आल्या. एकट्याच होत्या. नवरा जाऊन आठ दिवस झाले होते. जाळं विणता विणता छातीत कळ आली आणि गेला. परवा दहावं होतं, आणि पाटावर ठेवायला घरात फोटो नव्हता. लग्नातला होता, पण त्यात तो वीस वर्षांचा. आधार कार्डावरचा इतका काळा, की तो कुणाचाही असू शकला असता. मोबाईलवर घरातल्या सगळ्यांचे फोटो तोच काढायचा, त्यामुळे तो कुठेच नव्हता. “पन होडीच्या कागदाला त्यांनी हितंच फोटू काडलेला,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडं असंल ना, दादा?” कुठल्या वर्षी, ते त्यांना आठवत नव्हतं.

साडूभाऊंनी क्षणभर डोळे मिटले आणि घडाघडा नाव सांगितलं, ‘गव्हाण-होडीवाले-कोट नको म्हणाले-घातला’. सवयीने त्यांनी ते कॉम्प्युटरवर टाईप करून शोधायलाही लावलं. पडद्यावर उत्तर आलं, काही सापडलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी खाली फरशीकडे बघत होतो.

मग ते बाईंना म्हणाले, की सगळे बघावे लागतील, बसा. त्यांनी आपली खुर्ची बाईंना दिली आणि स्वतः स्टूल ओढून घेतलं. एका वेळी पडद्यावर चाळीस चेहरे यायचे. ते बघून झाले की पुढचे चाळीस. सकाळचे अकरा वाजले होते. दारावर पडदा ओढला, गिऱ्हाइकं परत गेली. ताईंनी डबा आणला, तो कुणी उघडला नाही. पहिला तासभर नुसते चेहरे सरकत राहिले. मग बाई एका चेहऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, की ही आमची शेजारीण. साडूभाऊ चटकन म्हणाले, ‘तीन मुली-तिघींची लग्नं झाली-आता मोकळी’. हे त्या फाईलचं जुनं नाव होतं. बाईंना हसू आलं. बरोबर हाय, म्हणाल्या. त्यानंतर ते सरकत्या चेहऱ्यांची नावं पुटपुटू लागले, आणि मी खिशातून पेन काढलं. गल्ल्यातली एक जुनी वही ओढली आणि ते बोलतील ते क्रमांकासमोर लिहून घ्यायला लागलो. माझ्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं.

चार वाजून गेले असतील. साडूभाऊंनी हात थांबवला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. बाईंनी बघितलं आणि मान हलवली. हे नाय, म्हणाल्या. कोट आणि टाय घातलेला, केस चापून बसवलेला, ताठ बसलेला एक माणूस होता. साडूभाऊंनी तो फोटो मोठा केला आणि म्हणाले, की डोळे बघा. बाई पुढे वाकल्या. 

“कोट कवा घातला यांनी?” त्या म्हणाल्या. “घरी बोलले नाय.”

साडूभाऊंनी सांगितलं, की कोट स्टुडिओतलाच, खुंटीवर असतो. ते नको म्हणत होते, मीच आग्रह केला. आरशात बघून लाजले आणि म्हणाले, की बायकोला सांगू नका, चेष्टा करील. मग त्यांनी विचारलं, की कोट काढून साधा पांढरा सदरा करता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे, करू का? बाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या पदराआडूनच त्यांनी नको म्हणून हात हलवला. “ऱ्हाऊ दे. बरे दिसतात.”

साडूभाऊंनी फोटो उजळ केला, मोठा केला आणि साठवायला गेले. सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे स्वतःच तारीख आणि क्रमांक पुढे केला. त्यांनी तो खोडला आणि बाईंना विचारलं, की काय नाव देऊ? नवऱ्याचं नाव त्या घेणार नाहीत हे आम्हा दोघांनाही कळायला हवं होतं. त्या अवघडल्या, दाराकडे बघितलं, मग हळूच म्हणाल्या, “लिवा, आमचा मानूस.” साडूभाऊंनी तसंच लिहिलं. त्या गेल्यावर ते मला म्हणाले, की ते आपोआप नाव द्यायचं जे काय आहे ते बंद करून टाका. महिन्याभरात त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं काम.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही ती वही घेऊन बसतो. मी एकेक फोटो उघडतो, ते नाव सांगतात, मी आधी वहीत आणि मग फाईलवर लिहितो. सुरुवातीला ते थांबत नसत. आता काही चेहऱ्यांपाशी थांबतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात आणि ‘पुढे’ म्हणतात. ती माणसं नंबरावरच राहतात. प्रत्येक शनिवारी ‘पुढे’ थोडं जास्त वेळा येतं, आणि ते त्यांच्या वयामुळे का माझ्यामुळे, हे मी कधी विचारलेलं नाही.

गेल्या शनिवारी माझाच फोटो समोर आला. निवृत्तीच्या कागदांसाठी काढलेला, म्हणजे माझंही एक नाव होतं, आणि इतकी वर्षं शेजारी बसून मी ते कधी वाचलं नव्हतं. मी पेन उचलून वाट बघत राहिलो. आठवत नाही, असं साडूभाऊ म्हणाले. मी म्हटलं, नीट बघा. त्यांनी बघितलं, पण पडद्याकडे नाही, माझ्याकडे.

“चांगलं होतं काहीतरी,” ते म्हणाले. “पुढे.”

मी वहीत क्रमांक लिहिला, त्याच्यासमोरची जागा कोरी ठेवली आणि पुढचा फोटो उघडला.