त्या वॉर्डातलं गाऱ्हाणं

दोन वर्षं मी ग्रामदेवीशी धड बोलले नव्हते. सावर्ड्याच्या बाजारात पाटीतून काजूबिया विकत मी उभी राहिले, आज माझा स्वतःचा काजूचा कारखाना आहे. भावात मला कुणी फसवलं नाही. फसले ती दवाखान्यात. दोन वर्षांपूर्वी यजमानांच्या पायाला जखम झाली होती. एक इंजेक्शन त्यांना सोसत नाही, हे मी सकाळच्या सिस्टरला बजावलं होतं. पाळी बदलली आणि दुपारच्या सिस्टरला ते कुणी सांगितलंच नाही. सुई टोचताच त्यांचा श्वास कोंडला. ते वाचले, पण ‘चुकलं’ असं एकही माणूस म्हणाला नाही. तो राग मी जपून ठेवला, दवाखान्यावर आणि देवीवरही.

यंदा त्याच पायाचं ऑपरेशन निघालं आणि तेही त्याच दवाखान्यात, कारण जवळपास दुसरा सर्जन नाही. जाण्याआधी मी ग्रामदेवीच्या देवळात गेले. खरं म्हणजे सौदा करायलाच गेले होते : माणूस सुखरूप घरी आण, सभामंडपाला फरशी घालते. गुरव माझ्या वतीने गाऱ्हाणं घालू लागला. त्याच्या प्रत्येक वाक्याला देवळातले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. जन्मभर ऐकलेलं, पण त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं की इथे एकाचं मागणं एकाजवळ राहतच नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने होकार द्यावा लागतो. फरशीचं ऐकून गुरव म्हणाला, “वयनी, ही काय काजूची घासाघीस हाय? मागायचं त्ये मागा, म्होरचं तिच्यावर सोडा.”

सोडणं मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनेच मोठ्या सिस्टरपुढे उभी राहिले. ती नव्याने आलेली, बाहेरगावची. माझा सगळा भडिमार तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, “चूक आमचीच होती. पुन्हा होऊ नये म्हणून काय करू, तुम्ही सांगा.”

तयार ठेवलेल्या शिव्या मी गिळल्या. मग देवळातल्या गाऱ्हाण्याचं सांगितलं, एक बोलतो आणि बाकी सगळे होकार देतात ते. तिने डॉक्टरांना, सिस्टरांना, फरशी पुसणाऱ्या मावशीलाही बोलावलं. ठरलं की दर पाळीला सगळ्यांनी खाटेपाशी जमायचं, पेशंटला काय चालत नाही ते एकाने मोठ्याने सांगायचं आणि बाकीच्यांनी एकेक करून ते परत म्हणायचं. डॉक्टर जरा हसले, पण आले.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी औषधं आणायला खाली गेले होते. एका नव्या डॉक्टरांनी नेमकं तेच इंजेक्शन लिहून दिलं. दुपारच्या पाळीची सिस्टर नुकतीच आली होती, खाटेपाशी जमणं व्हायचंच होतं; तिने त्याचं नाव घेत सुई भरायला घेतली. मावशी पोतेरं टाकून पुढे झाली. “बाय, थांबा. ह्या खाटंला त्ये चालत नाय.”

मी वर आले तेव्हा सिस्टरने स्वतःच सगळं सांगितलं. एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी पाणी दिलं. मावशीचे पाय धरायला गेले तर ती मागे सरली. म्हणाली, “मी कुठली शिकल्याली? सकाळी सगळ्यांनी म्हटलं, मीबी म्हटलं.”

देवी कुणाच्या तोंडून बोलते, ते ठरवणारी मी कोण? पहिल्या चुकीचा राग पुरता गेला असं म्हणणार नाही. पण त्या दुपारी मावशी म्हणाली, “जरा आडव्या व्हा, मी हाय,” आणि मी बाकावर खरोखरच आडवी झाले. यजमानांच्या उशाशी परकं माणूस बसलेलं असताना मी गाढ झोपले.